पायातली शोषीण

आसूड कडाडला आणि पत्र्याच्या शेडमधल्या दोनशे माणसांनी एकदम श्वास रोखला. दुसरा फटका. तिसरा. खाटेवर उताणा पडलेला दादाभाऊ गुरासारखा ओरडत होता आणि दोघा चेल्यांनी त्याचे खांदे दाबून धरले होते. सातव्या फटक्याला पोटरीची कातडी फाटली, रक्त ओघळलं आणि आसूडमहाराज हात वर करून गरजले, "बघा! शोषीण रगात ओकायला लागली!"

"बोला आसूडमहाराज की जय!"

महाळुंगे पडवळच्या शिवाराबाहेरची ही शेड. पूर्वी इथे ब्रॉयलर कोंबड्या वाढत, आता दर रविवारी भक्त वाढत होते. महाराजांचं वय फार तर पस्तीस, दाढी मात्र सत्तरीला शोभेलशी. त्यांचा दावा एकच होता. चालताना ज्याच्या पोटरीत कळ येते त्याच्या नसेत शोषीण नावाची डाकीण बसून रक्त पिते, आणि तिला माराशिवाय दुसरी भाषा कळत नाही. "डॉक्टर नस कापतो, मी डाकीण कापतो! सायन्स का बाप आहे हा आसूड!" असं ते म्हणत आणि टाळ्या पडत.

टाळ्या पडायला कारणही होतं. दादाभाऊला आधी शेडमध्ये येरझारा घालायला लावल्या, तेव्हा पाचव्या फेरीला तो पोटरी धरून मटकन खाली बसला होता. मग त्याला खाटेवर निजवून पाय लाकडी घोडीवर उंच ठेवला, तर सगळ्यांदेखत तळवा खडूसारखा पांढरा पडला. मग आसूड. मग पाय खाटेखाली सोडून त्याला बसवलं, लांबलचक आरती झाली, आणि आरती संपेस्तोवर तोच पांढरा पाय कुंकवासारखा लाल! "रगात परत आलं! ऊठ, चाल!" महाराज म्हणाले आणि दादाभाऊ खरोखर उठून दारापर्यंत चालत गेला. डोळ्यांना दिसत होतं ते. नाही कसं म्हणणार?

दादाभाऊ उतरला त्याच खाटेवर चेल्यांनी पुढचा माणूस चढवला. नेमकी त्याच वेळी रत्ना दारातून आत शिरली, आणि खाटेवरचा माणूस तिला दिसला. तो तिचा बाप होता.

रत्ना एसटीत कंडक्टर. ड्यूटी संपवून उतरते तोच आईचा, जानकाबाईचा, फोन आला होता. "अगं, समाधान आप्पाला त्या आसूडवाल्याकडं घिऊन गेलाय. मी आडवी पडले तरी ऐकलं न्हाई." समाधान तिचा धाकटा भाऊ. खाकी गणवेश उतरवायलाही न थांबता ती मिळेल त्या गाडीने आली होती.

आप्पा म्हणजे भागुजी, निमगाव सावाचा गवंडी. चाळीस वर्षं परांचीवर उभं राहून घरं बांधली आणि तितकीच वर्षं बिड्या फुंकल्या. दोन वर्षांपासून तो बाजारात जाताना दर दोन दुकानांआड थांबू लागला. कुठे गुळाचा भाव विचारायचा, कुठे लग्नाची चौकशी करायचा. गावाला वाटलं, भागुजी म्हातारपणी बोलका झाला. खरं म्हणजे पन्नास पावलांवर त्याची पोटरी आवळून यायची, आणि लोकांना ते दिसू नये म्हणून तो गप्पा मारत उभा राहायचा. पुढे रात्री तळपाय ठणकायला लागला, अंगठ्याशेजारची दोन बोटं काळीनिळी झाली, तेव्हा कुठे रत्नाने हाताला धरून त्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी हाताचं बीपी घेतलं, मग पायाचंही घेतलं. पायाचं हाताच्या निम्मंसुद्धा भरेना. "बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या आतून चोंदल्यात. बुधवारी तार घालून, आत फुगा फुगवून वाट मोकळी करू. तोवर बिडी बंद, आणि पायाला साधं खरचटूसुद्धा देऊ नका. रक्तच पोचत नाही तिथं जखम भरणार कशी? चिघळली तर पाय जाईल." एवढ्या सगळ्या बोलण्यातून समाधानच्या डोक्यात 'तार' आणि 'पाय जाईल' एवढंच राहिलं. तीन रात्री त्याला झोप आली नाही. चौथ्या दिवशी मित्राने मोबाइलवर आसूडमहाराजांचा व्हिडिओ दाखवला आणि पोराने बापाला जीपमध्ये घातलं. वाईटासाठी नव्हे, मायेपोटीच.

"समाधान! उतरव आप्पाला!" गर्दीतून वाट काढत रत्ना ओरडली. कुणी ऐकलं नाही. भागुजीचा पाय घोडीवर चढला, पांढरा पडला, आणि पहिला आसूड बसला. भागुजी ओरडला नाही. आयुष्यभर विटा झेललेला माणूस तो, त्याने ओठ चावून धरला. दुसऱ्या फटक्याला नडगीवरची पातळ कातडी केळीच्या सालीसारखी सुटली. तिसरा घोट्यावर बसला. चौथ्याला रत्ना मध्ये पडली, आणि तो तिच्या मानेपासून खांद्यापर्यंत उतरला.

डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तिने आसूडाचं टोक पकडलं, मनगटाला वेढा देऊन जोरात हिसडलं. महाराज तोल जाऊन घोडीवर आदळले आणि आसूड तिच्या हातात आला. एका चेल्याने तिचे केस धरले, दुसऱ्याने पाठीत बुक्की घातली. समाधान अजून गोंधळून उभा होता, पण बहिणीचे केस दुसऱ्याच्या मुठीत दिसल्यावर त्याला जाग आली. त्याने त्या चेल्याला उचलून खुर्च्यांवर फेकला. बायका किंचाळल्या, कुणी दाराकडे धावले, कुणी चेल्यांच्या मदतीला. तेवढ्यात रत्नाने खिशातली शिटी तोंडात घातली आणि अशी फुंकली की अख्खी शेड जागच्या जागी थबकली. गाडी मागे घेतानाची शिटी ती, माणसाचे पाय आपोआप थांबतात.

"पोरी, बाजूला व्हय!" महाराज कंबर चोळत उठले. "शोषीण अर्धी भाईर आलीय. उडून तुझ्या अंगात शिरंल!"

"शिरू दे," रत्ना धापा टाकत म्हणाली. "तिकीट काढल्याबिगर मी कुणाला नेत न्हाई."

मागे दोघंतिघं हसले. महाराजांना तो हशा आसूडापेक्षा जास्त लागला असावा.

"नास्तिक हाय ही! हिच्या बापाचा पाय सडला तर आमची जबाबदारी न्हाई!"

रत्नाने बापाकडे पाहिलं. समाधानने त्याला उठवून बसवलं होतं आणि खांद्यावरचं उपरणं त्या जखमांवर दाबून धरलं होतं. आप्पाचा पाय खाटेखाली लोंबत होता, आणि आरती नव्हती, मंत्र नव्हता, उरलेले फटकेही पडले नव्हते, तरी तळवा हळूहळू लाल होत चालला होता. तिला गुरुवारचा दवाखाना आठवला. डॉक्टरांनीही पाय असाच वर धरला होता, तो असाच पांढरा पडला होता, आणि खाली सोडल्यावर असाच लाल झाला होता. तिथे तर कुणी आसूड मारला नव्हता!

"महाराज, एकच मागणं हाय," ती म्हणाली. "आत्ता केलंत ते सगळं पुन्यांदा करा. येरझारा तुमच्या, खाट तुमची, घोडी तुमची. आसूड तेवढा माझ्याकडं राहील."

"आसूडाबिगर कसं व्हईल? त्यातच शक्ती हाय!"

"मग होणार न्हाई. होणार न्हाई हेच बघू. कोण येतंय पुढं?"

कुणी पुढे येईना. रांगेत पुढचा नंबर पेठच्या कांतीशेठचा होता. कांतीलाल किराणा दुकानदार, वीस वर्षांची साखर आणि तितकीच जुनी सिगारेट. बायको धापूबाई त्याला हळूच ढोसून म्हणाली, "अहो, जा की! मुंगी मरू नये म्हणून जन्मभर खाली बघून चाललात, आणि स्वतःची कातडी मात्र फोडून घ्यायला आलात होय?"

कांतीशेठला तसाही आसूडाचा धसका बसलाच होता. तो उठला.

सहाव्या फेरीला त्याने पोटरी धरली. खाटेवर निजवून पाय घोडीवर ठेवला, तसा मिनिटाभरात तळवा पांढराफटक. महाराज जोरात हसले. "आता? आता कोण काढणार शोषीण?" रत्नाने शेठला उठवून बसवलं, पाय खाली सोडले आणि घड्याळ पाहिलं.

"आरती म्हणायची का गं?" धापूबाईने विचारलं.

"काय बी म्हणा काकी. पाढे म्हणा."

दुकानदारच तो. कांतीशेठने अकराचा पाढा धरला, बाराचा, तेराचा. माणसं पुढे सरकून वाकून बघू लागली. पंधरा संपेस्तोवर बोटं गुलाबी झाली. एकोणिसाचा संपला तेव्हा पाऊल लालबुंद होतं. शेठ उठला, भीत भीत पाय टाकला आणि दारापर्यंत चालत गेला.

"कळ न्हाई!" तो वळून म्हणाला. "राव, खरंच न्हाई!"

"आता गेली. पुन्हा सहा फेऱ्या मारल्या की पुन्हा येणार," रत्ना म्हणाली. "चालताना पोटरीला रगात जास्त लागतं, चोंदलेल्या नळीतनं तेवढं येत न्हाई, म्हणून कळ. बसलं की थांबते. पाय वर केला की पांढरा, कारण आधीच थोडं असलेलं रगात वर चढत न्हाई. खाली सोडला की साचून लाल. ही डॉक्टरची तपासणी हाय. ह्यानं आजाराची खूण घेतली आन् गुण म्हणून इकली!"

"मग दादाभाऊ कसा बरा झाला?" कुणीतरी विचारलं.

"बरा झालाय तर जीप दाराला चिकटवून का लावलीय? त्याला सडकेपर्यंत चालू द्या."

दादाभाऊ जीपमध्ये बसलेलाच होता. माणसांनी त्याला खाली उतरवलं. तो चालू लागला, आणि अख्खी शेड मागोमाग. विजेच्या खांबापाशी त्याची चाल मंदावली. पुढे दहा पावलांवर तो पोटरी धरून वाकला. पायातली चप्पल रक्ताने भरली होती. "तीच कळ," तो रडत म्हणाला. "तीच हाय."

मग जे झालं ते सांगायला बरं वाटत नाही. मघाशी जय बोलणारे तेच दोनशे लोक महाराजांवर तुटून पडले. खुर्च्या मोडल्या, घोडीचे तुकडे झाले, चेले उसात पळाले. कुणीतरी दाढी ओढली. ती खरी निघाली, त्या माणसाजवळचं तेवढंच खरं. समाधानने बहिणीच्या हातातून आसूड हिसकावून घेतला आणि महाराजांच्या पाठीवर ओढला, एकदा, दोनदा, तीनदा.

रत्नाने त्याला कवेत घेऊन मागे ओढलं. "बास! ह्याला फोडून आप्पाची कातडी सांधणार हाय का? त्याला पोलीस बघतील. तू आप्पाला उचल. पाय वाचवायचाय आपल्याला!"

समाधानने आसूड टाकला आणि बापाला पाठीवर घेतलं.

पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. डॉक्टरांनी जखमा पाहिल्या. बुधवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी तार घातली. फुगा फुगला, नस मोकळी झाली, पाऊल कित्येक महिन्यांनी कोमट लागलं. पण नडगीची जखम पुढे चिघळली, आणि आधीच काळीनिळी झालेली दोन बोटं कापावी लागली. पाय राहिला. दादाभाऊ लाजेपोटी घरीच हळद लावत बसला. तो आठव्या दिवशी आला, ताप अंगात भिनवून, आणि त्याचा पाय मांडीतून काढावा लागला.

भागुजी अजून वॉर्डात होता तेव्हा निमगावचा एक जण भेटायला आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आप्पा, माझीबी पोटरी धरते हल्ली. त्या महाराजाला मारलं ते वाईट झालं म्हणत्यात. लोकास्नी गुण यायचा म्हणं."

समाधान ताडकन उठला. भागुजीने हाताने त्याला बसवलं आणि पायावरची चादर बाजूला केली.

"मोज. दोन पाय, आठ बोटं. डॉक्टर म्हणाला, चार दिवस पाय जपला असता तर धाच्या धा राखायचा परयत्न केला असता. मी अडाणी न्हाई. बाबासाहेबांचा फोटो हाय माझ्या घरात. पण कळ थांबली की माणूस का थांबली ते इचारत न्हाई, थांबवणाऱ्याच्या पाया पडतो. माझं ते चुकलं. तू बिडी टाक, उद्याच्या उद्या डॉक्टरला पाय दाखव. आन् कुणी चमत्कार दाखवाया लागला, तर त्याला म्हण, तुझा आसूड बाजूला ठेव आन् पुन्यांदा करून दाखव. ठेवला तर खुशाल ऐक त्याचं. न्हाई ठेवला, तर पाय हायेत तवर तिथनं चालता हो."