नववी पायरी

खरं सांगते, चोर म्हणून कोर्टात उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ, आणि तरी मला सगळ्यात जास्त राग आला होता तो आमच्या ह्यांच्या शर्टाचा. बिनइस्त्रीचा! तोही घालून बसले होते कुठे, तर समोरच्या बाकावर, माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला.

थांबा, नीट सांगते. मोबाईलच्या टॉवरवर एक धातूचा डबा असतो. आपल्या कंपनीचे सिग्नल आत घ्यायचे आणि दुसऱ्यांचे बाहेर ठेवायचे, हे त्याचं काम. डब्यावर बारा स्क्रू. पडद्यावरची रेघ बघत एकेक स्क्रू केसभर फिरवायचा, रेघ हवी तशी बसेपर्यंत. सव्वीस वर्षं मी एकाच कंपनीत हे केलं. मग गेल्या वर्षी नवे साहेब आले आणि माझ्या खुर्चीमागे उभं राहून म्हणाले, "ह्यात काय, कुणीही करेल." माझं डोकंच फिरलं. महिन्याभरात मी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कंपनीत. आणि काय सांगू, कुणीही करेल असं ते काम कोर्टात गेल्यावर एकदम गुपित झालं!

गुपित चोरलं म्हणून जुन्या कंपनीने दावा लावला; त्यांची मागणी अशी, की मी तीन वर्षं अशा डब्याला हात लावायचा नाही. पंचावन्न वर्षांची आहे मी. तीन वर्षं हात रिकामे राहिले तर केसभर म्हणजे किती, हेच ते विसरतील.

आमचे हे मात्र जुन्याच कंपनीत. भिंतीच्या अलीकडे मी डबे जुळवायची, पलीकडे हे तपासायचे. खटला लागला तेव्हा दोन्हीकडच्या वकिलांनी बजावलं, घरी कामाबद्दल अवाक्षर नको. आता आमचं लग्नच कामावर जमलेलं. दुसरं बोलणार काय, डोंबल? आठ महिने आम्ही पडद्यांचा रंग आणि शेजाऱ्यांचं मांजर ह्यांवर काढले.

सुनावणीच्या दिवशी बाकीच्यांना बाहेर काढलं, दारं लावली आणि गुपिताचा कागद उघडला. तो माझ्या वकीलबाईंनी वाचला होता, पण मला सांगायची त्यांना बंदी होती. कागद लिहिणारा आमचा वहीवाला. जुन्या कंपनीचा हा तरुण इंजिनियर मी सोडायच्या आधी तीन दिवस माझ्यामागे स्टुलावर बसून माझी हालचाल न् हालचाल टिपत होता. शिंकले असते तरी लिहिलं असतं पठ्ठ्याने.

कंपनीचे वकील घसा खाकरून म्हणाले, "पहिल्या आठ पायऱ्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवतात, मान्य. पण नववी फक्त आमची." आणि वाचलं: "झाकण लावल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर दोनदा ठोकावे. पाच सेकंद थांबावे. त्याने स्क्रू आपापल्या जागी बसतात."

अगं बाई!

मग त्यांनी माझ्या नव्या कारखान्याचा व्हिडिओ लावला. माझ्या हाताखालच्या पाच मुली, पाच डबे. प्रत्येकीने दोनदा ठोकलं आणि मान जराशी तिरकी करून थांबली. मी कपाळाला हात लावला. एकीलाही मी हे शिकवलं नव्हतं. कार्ट्यांनी बघून बघून उचललं होतं.

"बाई, ही पायरी तुम्हीच तिकडे नेलीत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो मॅडम, मीच." माझ्या वकीलबाईंनी माझी बाही ओढली. मी सोडवून घेतली. "पण ती पायरीच नाहीये."

"मग काय आहे?"

आता हे चारचौघांत कसं सांगायचं? कान गरम झाले माझे. म्हटलं, "तो डबा द्या इकडे, दाखवते."

पुराव्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि ठोकलं. टक, टक.

आणि समोरच्या बाकावरून आवाज आला: टक.

आमच्या ह्यांचं बोट होतं ते. लक्षात आल्याबरोबर हात मांडीखाली दडवला, पण आता काय उपयोग!

न्यायाधीशबाईंनी चष्मा खाली घेतला. "हे काय होतं?"

हे उभे राहिले, कानापर्यंत लाल. "माफ करा मॅडम, सवय. डबा झाला की ही दोनदा ठोकून विचारते, 'आहात ना?' मी भिंतीपलीकडून एकदा ठोकतो, 'आहे.' लग्नाच्या आधीपासून चालतंय."

टाइप करणारी मुलगी हसली, मग शिपाई हसला, मग कोणी राहिलंच नाही. वहीवाला बिचारा वहीत तोंड घालून बसला.

कंपनीच्या वकिलांना चेव आला, ते ह्यांच्याकडे वळले. "तुमच्या कारखान्यात आजही लोक दिवसाला चाळीस वेळा ठोकतात. त्यांना देता का उत्तर?"

"नाही साहेब."

"का बरं?"

"ते मला कुठे काय विचारतात? ते पायरी करतात."

ह्या माणसाला उभ्या आयुष्यात एक वाक्य धड बोलता आलं नव्हतं हो! माझा ऊर भरून आला.

न्यायाधीशबाईंनी निकाल तिथेच सांगितला. आठ पायऱ्या सगळ्यांच्या, हातातलं कसब ह्या बाईंचं. "आणि नववीबद्दल म्हणाल, तर गुपित आहे खरं, पण ह्या दोघांचं. कंपनीच ते न विचारता वापरते आहे." दावा फेटाळला. माझा जीव भांड्यात पडला. वकीलबाईंना मी अशी मिठी मारली, की त्यांच्या फायली खाली पडल्या.

बाहेर पायऱ्यांवर हे थांबलेच होते. "आता कामाचं बोलायला हरकत नाही ना?"

"आधी शर्टाचं बोलू. इस्त्री काय विकायला काढलीत?"

ते हसले. मग मी हळूच म्हटलं, "नव्या जागीसुद्धा प्रत्येक डब्यानंतर मी ठोकते. पाच सेकंद वाट बघते. वेडीच आहे."

हे रेलिंगकडे बघत म्हणाले, "मी रोज निघताना भिंतीवर ठोकतो. एकदाच."

"अहो, पण पलीकडे मी नसते!"

"तू तिकडे विचारत असशील, एवढं माहीत होतं."

भर रस्त्यात रडायला आलं मला. ते दिसू नये म्हणून मी त्यांची चुरगळलेली कॉलर सरळ करत बसले, बराच वेळ.