न चढलेला घाट

मी एक जुनी गिअरची सायकल आहे. हैदराबादेत दिलसुखनगरमधल्या एका घराच्या जिन्याखाली उभी असते. मित्रांनो, माझ्याविषयी भर सभेत खोटं सांगितलं गेलं आणि हार घालून मी ते ऐकलं. त्याची लाज अजून जात नाही.

त्र्याण्णव साली नामपल्लीच्या दुकानात माझी जुळणी झाली. बाजारात रोज नव्या वस्तू येत होत्या. गिअरची सायकल बघायला लोक थांबायचे. बँकेत कारकून असलेल्या प्रमोदने मला घेतलं. त्याचा मित्र किशोर सिकंदराबादला, रेल्वेत. त्याची सायकल साधी, काळी.

पुढच्या वर्षी दोघं नेपाळला निघाले. रक्सौलपर्यंत रेल्वे, तिथून काठमांडूपर्यंत सायकल. वाटेतल्या दामनच्या घाटात वळणं संपेनात. प्रमोदचा गुडघा सुजला.

"किशोर, आता माझ्याच्यानं होत नाही."

"ट्रकमध्ये बस. मी येतो मागून."

बटाट्याच्या पोत्यांवर आडवी पडून मी घाट चढले. किशोर संध्याकाळी वर पोचला, तेही पायडल मारत. बोटं गारठून वाकडी झाली होती. आल्या आल्या त्यानं विचारलं, "गुडघा कसा आहे?"

हैदराबादला परतल्यावर मराठी मंडळाने आपल्या सभासदाचा, प्रमोदचा सत्कार ठेवला. मला व्यासपीठावर उभं केलं. अध्यक्ष एकनाथरावांनी प्रमोदला विचारलं, "घाटात त्रास झाला असेल?"

"मला नाही. किशोरला मात्र ट्रकमध्ये बसवावं लागलं."

टाळ्या पडल्या. किशोर दुसऱ्या रांगेत होता. तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला.

त्यानंतर प्रमोदने मला हात लावला नाही. माझ्याकडे बघणंच तो टाळायचा. चेन गंजली, टायर बसले. दोन वर्षं अशीच गेली. मग एकदा त्याची दहा वर्षांची सायली म्हणाली, "बाबा, मला हिच्यावर शिकवा ना. शाळेत सांगीन, हिनं केवढा घाट चढलाय."

माझी सीट पुसता पुसता प्रमोद थांबला. "हिनं नाही चढला. किशोरकाकाच्या सायकलनं चढला."

"मग तुम्ही तसं का सांगितलंत?"

त्याच रविवारी टायरांत हवा भरून तो माझ्यावरून सिकंदराबादला गेला. किशोरने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगतोस? मी तिथंच होतो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना सांग."

मंडळाच्या पुढच्या सभेत प्रमोदने खरं काय ते सांगितलं. मी दाराशी उभी होते. कुणी टाळी वाजवली नाही. "बरं केलंस," एवढं म्हणून एकनाथरावांनी पुढचा विषय घेतला.

मान खाली घालून प्रमोद बाहेर आला. त्याच्या मागोमाग मागच्या रांगेतून किशोर आला. वाकून माझी चेन बघितली आणि म्हणाला, "हिला तेल दे रे. फार हाल केलेस हिचे."

मित्रांनो, तुमच्या घरीही कोपऱ्यात एखादी सायकल असेल. तिला पुसा, तेल द्या, चालवा. आणि तिच्याविषयी कुणाला सांगाल, तेव्हा ती जेवढी धावली तेवढंच सांगा.