गार कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी उबवणी पेटी आहे. नाव ऐकून तुम्हाला कोंबडीची पिल्लं आठवतील, पण माझ्या पोटात आजवर एकही अंडं आलेलं नाही. मी जंतू उबवते. रोग्याच्या घशातला कफ किंवा जखमेतला पू चपट्या काचेच्या डब्यांत, जेलीवर पसरतात आणि माझ्या कप्प्यांत ठेवतात. मी माणसाच्या अंगाएवढी ऊब देत बसते. हळूहळू जंतू वाढतात, जेलीवर ठिपके उमटतात आणि आजाराचा चोर सापडतो.

मी प्रयोगशाळेत आले, त्याच सुमारास एक तरुण जंतुशास्त्रज्ञ बाई तिथे रुजू झाल्या. मी जागची हलत नाही आणि सारखी घुरघुरते, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं ‘खुडूक’. अंड्यांवर ठाण मांडून बसणाऱ्या खुडूक कोंबडीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल. नाव मला मनापासून आवडलं.

आम्ही दोघींनी खूप काम केलं. विषमज्वराची साथ कोणत्या विहिरीतून पसरली, मुलांचे घसे कशाने सुजले, हे बाईंनी माझ्या पोटातल्या डब्या पाहून शोधलं. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो छापून आला. त्यात माझं अर्धंच दार दिसत होतं, तरी मी आठवडाभर फुगून होते.

मग नवी चकचकीत पेटी आली. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! माझ्या दाराची रबरी पट्टी तोवर झिजली होती, खालचा कप्पा गार राहू लागला होता. मोठे साहेब म्हणाले, मोडीत काढा. बाईंनी कसंबसं मला कोपऱ्यात ठेवून घेतलं.

बाईंचे मामा शिंपी होते. बाईंच्या शाळेचे सगळे गणवेश त्यांनीच शिवले होते. दुकानात त्यांनी हौसेने काचेच्या टाकीत मासे पाळले होते. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर एक फोड उठला, तो काही केल्या बरा होईना. मलमं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, असाच आत पसरत गेला तर अंगठा काढावा लागेल.

मामा प्रयोगशाळेत येऊन बसले. “अगं, कात्री धरू कशाने?” एवढंच म्हणाले.

बाईंनी फोडातला पू नव्या पेटीत उबवायला ठेवला. काही उगवलं नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा डब्या कोऱ्या. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्या खेपेला नवी पेटी भरलेली होती, म्हणून नाइलाजाने त्यांनी डब्या माझ्या खालच्या कप्प्यात सारल्या. साहेब हसले. बाई मात्र रोज दार उघडून बघत राहिल्या, आणि फार दिवसांनी जेलीवर पिवळसर ठिपके दिसले.

बाईंना वाटलं, बाहेरची घाण पडली असेल. त्यांनी पुन्हा दोन्हीकडे डब्या ठेवल्या. ठिपके फक्त माझ्याकडेच आले. मग त्यांनी कप्प्यातली उष्णता मोजली, आपली बोटं मानेला लावून पाहिली. बोटं मानेपेक्षा गार होती. अंगाच्या आतल्या उबेत, म्हणजे नव्या पेटीत, हा जंतू वाढतच नव्हता. त्याला बोटांचा गारवा हवा होता, माशांच्या पाण्याचा गारवा हवा होता. मामा रोज हात घालत त्या टाकीच्या पाण्यातही तोच सापडला. माझं झिजलेलं दार मामांच्या पथ्यावर पडलं होतं.

त्याच जंतूवर बाईंनी एकेक औषध लावून पाहिलं. लागू पडलं ते डॉक्टरांनी मामांना सुरू केलं. तेवढ्यात साहेबांनी खूश होऊन मिस्त्रीला माझ्या दाराची पट्टी बदलायला पाठवलं. बाई आडव्या आल्या. “हिला हात लावू नका. हिचा गार कप्पा मला हवाय.” माझ्या आयुष्यात एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती.

कित्येक महिन्यांनी मामा आले. अंगठ्यावर नुसता वण होता. त्यांनी खिशातून सुई काढली, दोरा ओला केला, एक डोळा मिटला आणि अंगठ्याच्या चिमटीत धरून दोरा ओवला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मामा म्हणाले, “रडतेस काय? फाटलंय का काही, दे शिवायला.”

मित्रांनो, तुमच्याही शाळेत एखादी जुनी पेटी कोपऱ्यात पडली असेल. तिच्यावरची धूळ पुसत जा. आणि काही उगवत नाही म्हणून कुणाला मोडीत काढण्याआधी, त्याला हवी तशी जागा आपण दिली होती का, एवढं एकदा बघा.