भोंगा झाला की खालचं वर

"मशीन कुठंय?" श्रीपत दारातच किंचाळला. टेबलामागे नुसत्या वायरी लोंबत होत्या. चहाला म्हणून पंधरा मिनिटं काय बाहेर गेला, तेवढ्यात दवाखान्याचा सर्व्हर गायब!

गेल्याच आठवड्यात डॉक्टर तेजश्रींनी बजावलं होतं, "श्रीपतकाका, एकदा जरी हे बंद पडलं, तर परत केसपेपर आणि वह्या." आणि कागदांचं काय होतं, ते महाडच्या माणसाला सांगायला नको. दोन हजार एकवीसच्या पुरात तीस वर्षांचे केसपेपर चिखल झाले. ते फावड्यानं ओढताना हा रेकॉर्डचा कारकून लहान पोरासारखा रडला होता.

म्हणून तर ही सगळी खटपट. पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्यानं सगळी माहिती ठेवायला वेगळी, महागडी साठवणपेटी सुचवली होती. श्रीपतनं ऐकलं नाही. त्यानं साधे दोन सर्व्हर घेतले, एक खाली, एक वर, आणि दोघांत असं सॉफ्टवेअर घातलं की दोघांच्या डिस्क मिळून एकच सामाईक कोठार व्हावं. इकडे लिहिलेलं त्याच क्षणी तिकडेही. एक पडला तर दुसऱ्यानं गाडा ओढायचा. वाचायला सगळं झकास होतं. प्लग उपटून बघायची मात्र त्याची छाती झाली नव्हती.

तो धावत काउंटरवर आला. नर्स रेश्मा निवांत पेशंटचं नाव टाकत होती.

"बंद नाही पडलं?"

"मघाशी दोनेक मिनिटं अडकलं होतं काका. मग आपोआप चालू झालं."

श्रीपतला तिथेच नाचावंसं वाटलं. पण चोर?

चोर वरच्या मजल्यावर सापडला. बाळंतिणींच्या खोलीत रिकाम्या खाटेवर दुपट्यात गुंडाळलेलं मशीन, आणि शेजारी धापा टाकत बसलेल्या दवाखान्याच्या आया, दासगावच्या शकूबाई.

"अहो शकूबाई, चालू मशीन उपटलंत?"

"मग काय करू? पुराचा भोंगा झाला ना! भोंगा झाला की खालचं वर न्यायचं. माझ्या आयशीपासून तसंच हाय."

"तो चाचणीचा भोंगा होता!"

"आसंल. पाणी काय चाचणी करून येतंय? आन् महाडात ऱ्हाऊन तुमी मशीन खाली ठेवलंतच कसं?"

श्रीपत पोट धरून हसत सुटला.

त्यानं मशीन वरच, दुसऱ्या टोकाच्या खोलीत जोडलं. मधल्या वेळात चुकलेलं सगळं मशीननं दुसऱ्या सर्व्हरकडून भराभर उतरवून घेतलं. मग श्रीपतनं पडद्यावर एक नाव काढून त्यावर बोट ठेवलं. शकूबाईंना वाचता येत नव्हतं.

"हे तुमच्या जानूभाऊंचं. पुरानंतर चिखलातून काढून तुम्ही दोरीवर वाळवलात ना, तो केसपेपर. त्यावरून भरलंय मी."

शकूबाईंचा नवरा याच दवाखान्यात वारला होता. त्या पडद्याजवळ सरकल्या.

"ह्ये या मशीनमधी हाय?"

"दोन्हीत आहे."

"म्हंजे एक बुडालं तरी जायाचं नाय?"

"नाही जायचं."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पडदा हलकेच पुसला, जानूचं नाव होतं तेवढाच.