फुंकरीचं पाणी

टायरच्या जुन्या गोदामात सकाळी आठपासून ही झुंबड उडालेली. कुणी कुबड्यांवर, कुणी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, कुणी नुसतंच दुसऱ्यांचं बरं होणं बघायला आलेलं. प्रत्येकाच्या हातात घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. समोर फळ्यांच्या मंचावर पांढऱ्याशुभ्र झब्ब्यातला फुंकरबाबा. त्याच्यापुढे तांब्याचा घडा आणि हातात दीड वीत लांबीची तांब्याची नळी.

"पाणी कुणाचं?" बाबा गरजला.

"आमचं!"

"बाटली कुणाची?"

"आमची!"

"दुखणं कुणाचं?"

"आमचंच!"

"मग माझं काय? नुसती फुंकर!"

एवढं झालं की तो नळी घड्यात बुडवायचा, वर काढून फडक्यानं खसाखसा पुसायचा, कोरडीठाक झालेली नळी उभी धरून सगळ्यांना दाखवायचा आणि मग ती बाटलीत सोडून वरच्या टोकाला तोंड लावून फुंकायचा. बुडबुडे उठायचे. बुडबुडे म्हणजे म्हणे विश्वाची स्पंदनं. पाणी किंचित कडू लागायचं, कारण दुखणं त्यात उतरलेलं असायचं. असल्या थापांना हसून मोकळं होता आलं असतं, पण पंचाईत अशी की गुण खरोखरच येत होता. सांध्यांच्या सुजेनं ज्यांची बोटं आखडली होती, ती माणसं चार दिवसांत मूठ वळून दाखवत होती.

शेवटच्या रांगेत डॉक्टरबाई बसल्या होत्या. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर का उलटते, या एका प्रश्नापायी त्यांनी प्रयोगशाळेत वीस वर्षं घालवली होती. सहा महिन्यांपूर्वी त्यांचा शोधनिबंध एका नामांकित नियतकालिकात छापून आला. त्यांच्या नव्या गोळीनं बावीस रुग्णांपैकी सोळा जणांची सूज उतरली होती. वर्तमानपत्रात फोटो झळकला, हॉस्पिटलनं सत्कार केला, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून बाईंची मान जरा जास्तच ताठ झाली होती. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले शेजारचे मास्तर त्यांना आज इथं ओढून घेऊन आले होते. 'तुमच्यासारखं नाव असलेला माणूस बोलला तर लोक ऐकतील,' हे मास्तरांचं म्हणणं बाईंना पटायला फार वेळ लागला नव्हता.

तिसऱ्या बाटलीलाच बाईंनी चोरी पकडली.

"मास्तर, त्याचा अंगठा बघा. नळीचं वरचं तोंड दाबून धरलंय."

"मग?"

"अहो, आम्ही लॅबमध्ये अशीच नळी वापरायचो. वरचं तोंड बंद असलं की आतलं औषध पडत नाही. अंगठा काढून फुंकलं की सगळं बाटलीत! हा बाहेरून पुसतोय, आतून नळी भरलेलीच आहे."

"आणि घड्यात काय?"

"स्टेरॉइड. पैज लावते. इंजेक्शनच्या कुप्या ओतल्या असतील. सूज बघता बघता पळते, माणूस खूश. नंतर हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, ते वेगळं."

"मग बसलात काय? उठा की!"

बाई उठल्यासुद्धा. दोन पावलं पुढे टाकली, तोच रांगेतून हाक आली, "अगबाई, डॉक्टरबाई! तुम्हीपण?"

हाक मारणारी कपडे शिवायची. बाईंच्या संशोधनातली ती सातव्या नंबरची रुग्ण. गोळीनंतर मोकळे झालेले तिचे पंजे निबंधात फोटोसकट छापले होते. आता त्याच पंजांत तिनं बाटली धरली होती.

"तुम्ही इथं कधीपासून येता?" बाईंनी विचारलं.

"झालं की दीड वर्ष. तुमची गोळी सुरू झाली ना, त्याच महिन्यापासून."

गोळीचा प्रयोग गेल्या वर्षीचा. म्हणजे गोळीसोबत हे पाणीही चालू होतं.

"अहो, पण मी दर खेपेला विचारायचे, दुसरं काही औषध घेता का? तुम्ही नाही म्हणायचात!"

"मग? पाण्याला कुणी औषध म्हणतं का, बाई?"

"आणखी... माझ्या पेशंटांपैकी आणखी कुणी येतं?"

"येतात तर! तुमच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावरच तर सगळ्यांच्या ओळखी झाल्या. तुम्ही आत एकेकाचं रक्त काढायचात, आम्ही बाहेर गप्पा मारायचो. मीच सगळ्यांना इथला पत्ता दिला. आता येणारे सगळे मिळून एकच टेम्पो करतो."

ती सहज बोलून गेली आणि रांगेत पुढे सरकली. बाई मागे वळल्या आणि जागेवर येऊन बसल्या.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"आधी पाण्याचा नमुना तपासते. पुराव्याशिवाय बोलणं बरं नाही."

वाक्य शास्त्राला धरून होतं. खरं कारण भीती हे होतं, आणि ते बाईंना पुरतं ठाऊक होतं.

मास्तरांनी बाटलीत भरून आणलेल्या नमुन्यात स्टेरॉइड निघालं. ते कळायला दोन दिवस लागले. मग बाईंनी प्रयोगशाळेत दुसरं कुणी नसताना फ्रीजरमधून त्या बावीस जणांचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने काढले. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तशाच जातीचं संप्रेरक बनवायचं थांबवतं, आणि रक्तात त्याचं प्रमाण घसरतं. सूज उतरलेल्या सोळांपैकी चौदा जणांत ते घसरलेलं होतं. ज्यांना गुण आला नव्हता, त्या सहा जणांत ते अगदी व्यवस्थित होतं. म्हणजे नाव झालं गोळीचं, आणि काम केलं होतं त्या घड्यानं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. औषध तपासताना दुसऱ्या गटाला नुसती साखरेची गोळी देऊन तुलना करायची असते, हे त्या विद्यार्थ्यांना घसा कोरडा करून शिकवत. स्वतःच्या वेळी मात्र पहिल्या दहा जणांची उतरलेली सूज बघून त्या भाळल्या, आणि दुसरा गट पुढच्या वर्षावर ढकलला. गोळी दिली, सूज उतरली, म्हणजे गोळीनंच उतरली. गोदामातले लोक याहून वेगळं काय म्हणत होते?

तरीही त्या गप्प राहिल्या. बाबाचं पितळ उघडं पाडायचं तर आपलंही उघडं पडणार होतं. मास्तरांचे फोन यायचे. "रिपोर्ट आला का?" "मशीन बिघडलंय हो." "आता?" "एकदा खात्री करून घेते." असे तीन आठवडे गेले. प्रत्येक फोन ठेवल्यावर स्वतःचीच किळस यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या आणखी एक सबब शोधायच्या.

चौथ्या सोमवारी शिवणवाली हॉस्पिटलात दाखल झाली. मशीनची सुई उजव्या हाताच्या बोटात घुसली होती, त्याला आठ दिवस झाले होते. स्टेरॉइडनं सांध्यांवर चालून आलेली फौज झोपवली होती. पण जंतूंशी लढणारी फौजही तीच. त्यामुळे ना ताप आला, ना ठणका लागला, आणि बोट आतल्या आत सडत गेलं. पहिलं पेर कापावं लागलं.

बाई तिच्या खाटेशी गेल्या, तेव्हा ती त्यांनाच विचारत होती, "बाबांचं पाणी तर नेमानं चालू होतं. मग असं कसं हो झालं?"

बाईंनी तिला सगळं सांगितलं. नळी, घडा, गोळी, रक्ताचे नमुने, काही शिल्लक ठेवलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बाई तिथून उठल्या त्या थेट आपल्या टेबलाशी गेल्या, आणि निबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी नियतकालिकाला धाडलं.

पुढच्या गर्दीच्या दिवशी त्या मास्तरांसोबत गोदामात गेल्या. औषध खात्याचे निरीक्षक साध्या कपड्यांत तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत, हाताला पट्टी बांधलेली शिवणवाली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

बाईंची पाळी आली. बाबानं नळी बुडवली, पुसली, दाखवली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "फुंकू नका. नळी या रिकाम्या ग्लासावर धरा आणि नुसता अंगठा उचला."

"मुली, शंका आली की स्पंदनं मरतात!"

"मरू द्या थोडी. तुमच्याकडे पुष्कळ आहेत."

मागून एक म्हातारा ओरडला, "दाखवा की बाबा! नुसती फुंकर तर आहे!"

बाबा भडकला. "मी ओळखतो हिला! पेपरात फोटो आलेली हीच ती! हिच्या गोळीनं बरे झालेले सगळे माझेच भक्त आहेत! विचारा हिला!" आणि हे म्हणताना त्यानं नळी धरलेलाच हात बाईंवर रोखला. अंगठा सुटला. कोरडीठाक नळी सगळ्यांच्या देखत त्याच्या शुभ्र झब्ब्यावर भळाभळा रिकामी झाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. निरीक्षक घड्याकडे गेले. पडद्यामागच्या खोलीत इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्यांनी भरलेली दोन खोकी सापडली.

"पण ते माझ्याबद्दल बोलले, ते खरं आहे," बाई लोकांकडे वळून म्हणाल्या. "माझ्या गोळीची वाहवा झाली, ती या पाण्याच्या जोरावर. मी नीट तपासलं नाही. जे छापलं होतं, ते मी मागे घेतलंय. आता ऐका. हे पाणी आज एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. उद्या सगळे हॉस्पिटलात या, आम्ही ते हळूहळू कमी करू."

"मग तुमची गोळी चालते की नाही?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"खरंच माहीत नाही. पुन्हा तपासावं लागेल. आणि कुणीही तुम्हाला बरं करतो म्हणाला, झब्बा घातलेला असो नाहीतर माझ्यासारखा पांढरा कोट, तर त्याला विचारा. आत काय आहे? कशावरून म्हणता? हे न घेता किती जण बरे झाले? बिनधास्त विचारा. जो चिडेल, त्याच्याकडून काही घेऊ नका."

"मी विचारू?" पहिल्या रांगेतून शिवणवाली म्हणाली. ती उभी राहिली. "त्या दिवशी इथं मला पाहिलंत, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. पाणी तपासायला दोन दिवस लागले, तुम्हीच सांगितलंत. मग मला सांगायला इतके आठवडे का लागले?"

मास्तर काहीतरी बोलायला पुढे झाले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. सबबी तोंडाशी आल्या होत्या, चांगल्या तीन-चार होत्या.

"माझी नाचक्की होईल म्हणून," बाई म्हणाल्या. "दुसरं काही कारण नव्हतं."