गणकयंत्राचा सत्कार

मित्रांनो, मी एक जुनं गणकयंत्र आहे. मला बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढंच शिकवलं होतं. बोलायला कुणी शिकवलं नाही. तरी थोडं सांगतो, कारण माझ्यावर जे गुदरलं ते तुमच्या टेबलावरच्या यंत्रावर गुदरू नये.

माझा जन्म परदेशातल्या एका थंड शहरात झाला. तिथं माझ्या पाठीला बारीक जाळी बसवली. काम करताना मी तापतो आणि आतली धग त्या जाळीतून बाहेर सोडतो. तोच माझा श्वास. हे सगळं एका कागदावर छापून माझ्यासोबत पाठवलं होतं. मी पोचलो त्या दिवशी त्या कागदावर चिवडा वाटला गेला.

सत्त्याहत्तर साली सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यानं मला आणलं. कारखान्यातली सगळ्यात सुरक्षित खोली मला दिली, म्हणजे जिच्यात वारासुद्धा शिरू शकत नव्हता. वर पत्रा, पलीकडं बॉयलर. चिमणीची काजळी आत येऊ नये म्हणून खिडकीला खिळे ठोकले होते. टेबल भिंतीला चिकटवलेलं.

चेअरमन हंबीररावांना सगळे आण्णा म्हणत. आण्णांनी नारळ फोडला, मला कुंकू लावलं, हार घातला आणि माझ्या अंगावर जरीकाठाची लोकरी शाल पांघरली. टाळ्या झाल्या. हार सुकला तेव्हा काढला. शाल तशीच राहिली. आण्णांनी पांघरलेली शाल काढायची कुणी?

मला चालवायला विजयमाला होती. माधवनगरच्या गिरणीतल्या फिटरची ही पदवीधर मुलगी. कारखान्याच्या ऑफिसात खुर्ची मिळालेली ती पहिलीच बाई, त्यामुळं तिच्या चुकीची वाट बघणारे बरेच होते. सकाळी आमचं काम चोख व्हायचं. दुपारी पत्रा तापला की माझं डोकं फिरायचं. सात म्हणायचंय हे मला कळायचं, पण तोंडून चार निघायचा. रोज ऊन चढायला लागलं की मला धास्ती भरायची. मित्रांनो, आपण चुकणार हे आधी माहीत असणं फार वाईट.

शिमग्याच्या सुमारास कुंडलचे शेतकरी नाथाजी दोन टन वजनाची पावती घेऊन आले. माझ्या हिशेबानं त्यांच्या एका बैलगाडीत एकशे चाळीस टन ऊस होता.

"आवं बाई," ते शांतपणे म्हणाले, "माज्या बैलांनी एवढं वढलं आसंल, तर ती शाल त्येंच्या अंगावर घाला."

सगळे हसले. विजयमाला हसली नाही. हेडक्लार्क विष्णुपंत तर मुळीच नाही.

"यंत्र चुकत नसतं, बाई. उद्या आण्णा स्वतः बघायला येणार आहेत. पुन्हा असं झालं, तर तुम्ही घरी आणि हे गोदामात."

"विष्णुपंत, हे तापतंय. हात लावून बघा."

"मग काय, डॉक्टर बोलावू?"

"शाल काढू द्या आणि खिडकी उघडू द्या. एवढंच."

"आणि आण्णांना काय सांगू? तुमचा सत्कार यंत्राला सोसला नाही?"

दुसऱ्या दिवशी आण्णा आले ते भर दुपारी, सोबत निम्मं संचालक मंडळ घेऊन. खोली भरली. काजळी नको म्हणून दारही लोटलं. माझ्या आत कुठंतरी करपल्याचा वास येऊ लागला. आपल्यामुळं हिची नोकरी जाणार, एवढाच हिशेब मला बरोबर येत होता.

"चालवा बाई," आण्णा म्हणाले.

विजयमालानं बटणाला हात लावला नाही. तिनं माझ्या अंगावरची शाल काढली. विष्णुपंतांनी डोळे मिटले. तिनं ती शाल झटकली आणि आण्णांच्या खांद्यांवर पांघरली.

"यंत्रापेक्षा मान तुमचा मोठा, आण्णा. बसा."

टाळ्या झाल्या. आण्णा हात जोडून बसले. मग ती सावकाश, एकेक बटण दाबत कामाला लागली. आण्णांच्या कपाळावर घाम आला. मग तो मिशांतून टपकू लागला. पण सत्काराची शाल मध्येच काढता येत नाही, हा रिवाज त्यांनीच पाडलेला.

"आण्णा, नाथाजींच्या बैलगाडीचे किती टन धरू? दोन, का एकशे चाळीस?"

"काय बी धर गं पोरी," आण्णा म्हणाले, "पर आदी ती खिडकी उघड. जीव चाललाय माजा."

खिळे विष्णुपंतांनी स्वतः उपटले. वारा आत आला.

"ह्याचंही असंच होतंय, आण्णा," विजयमाला म्हणाली.

आण्णांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

विष्णुपंत पत्र्याकडं बघू लागले. माझ्या काचेवर दोन टन आले, तिनं ते आण्णांना दाखवले. शाल आण्णांच्या अंगावरच घरी गेली.

पुढं काजळीसाठी खिडकीला मलमल बांधली, टेबल भिंतीपासून हातभर सरकवलं, आणि भर उन्हात मला विश्रांती मिळू लागली. विजयमाला त्या खुर्चीवर टिकली. मी शेवटी गोदामात आलोच, पण म्हातारपणी. इथं माझी विचारपूस कुणी करत नाही. तावदान मात्र फुटलंय, त्यामुळं वारा छान येतो.

मित्रांनो, यंत्राला मान कमी दिला तरी चालेल; पाठीमागं जागा ठेवा. आणि ते चुकलंच, तर समोर बसलेल्या बाईला बोलण्याआधी एकदा त्याच्या पाठीला हात लावून बघा.