शुक्रवारचं तेल

राणोजीचा उजवा गुडघा म्हणजे घरातलं एक वेगळंच माणूस होऊन बसला होता. त्याची मर्जी सांभाळावी लागे. सकाळी डोळे उघडले की आधी त्याच्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, मग पाय सरळ उचलून धरायचा, मग कुठे जमिनीवर टेकायचा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. संध्याकाळी बर्फ. एवढं करून साहेब कधी रुसतील याचा नेम नाही.

वय सत्तावन्न. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात रुजलेलं. चेन्नईच्या कडेला, तांबरममधली त्याच्या बरोबरीची माणसं संध्याकाळी मुलांच्या लग्नाच्या गोष्टी करत फेऱ्या मारायची. आणि हा गडी काइटबोर्डिंग करायचा! कंपनीने मागे दोन वर्षं स्पेनला पाठवलं होतं, तिथे हे खूळ डोक्यात शिरलं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग आणि पायाखाली फळी. वारा ओढतो आणि माणूस पाण्यावरून सुसाट निघतो. चेन्नईत तेव्हा असले उद्योग करणारे मोजकेच, आणि त्यांत डोकं पांढरं झालेला हा एकटा. पोरं त्याला अंकल म्हणत. ते त्याच्या मनाला लागायचं, पण बोलायचं कुणाला?

मागच्या वर्षी डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. सांध्यातली गादी झिजून गेलेली. “पाणी सोडा,” ते म्हणाले, “नाहीतर काठी घ्या.” हे अम्माच्या कानावर गेलं आणि एक्याऐंशी वर्षांच्या सकवारबाईने मुलाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली. पतंग, फळी, पतंगात हवा भरायचा पंप, सगळं घरातून गेलं. अम्माने देवापुढे दिवा लावला.

सगळं गेलं कुठे, तर शोळिंगनल्लूरला अनयच्या फ्लॅटवर. अनय पुण्याचा, संगणकाच्या कंपनीतला, याच्याच खुळातला. दर पंधरा दिवसांनी राणोजी ‘ऑफिसच्या कामाला’ जायचा आणि मुट्टुकाडूच्या खाडीत तासभर वारा खाऊन यायचा. रत्नप्रभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, पहिल्याच दिवशी कळलं. कपड्यांचं मीठ कुणाच्या हाताला लागणार? ती कोल्हापूरची, तोंडाची फटकळ. पण सासूच्या जिवाला घोर नको म्हणून गप्प बसली.

अम्माचं एकच मागणं होतं. आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, अप्पांचं, त्याच्या वडिलांचं, श्राद्ध यायचं. आदल्या वर्षी राणोजीने ते खुर्चीत बसून केलं होतं. वाध्यार, म्हणजे भटजी, नारायणस्वामी समजूतदार माणूस. म्हणाले, शरीर साथ देत नसेल तर दोष नाही. अम्मा त्यांना काही बोलली नाही. रात्री मात्र मुलाला लहानपणीच्या लाडाच्या हाकेने म्हणाली, “कन्ना, पितर खाली बसतात आणि तू वर? मला बघवलं नाही रे. माझ्या डोळ्यांदेखत एकदा खाली बसून कर. पुढच्या वर्षी मी असेन नसेन.”

हे त्याला आतपर्यंत झोंबलं. त्या दिवसापासून त्याने गुडघ्याची खरी सेवा मांडली. व्यायाम चुकवला नाही, वजन उतरवलं, शेकलं, चोळलं. संध्याकाळी अम्मासमोर पाट मांडून मांडी घालायला बसायचा. आधी गुडघा हातभर वरच राहायचा. मग हळूहळू खाली आला. जूनमध्ये एके दिवशी तो पुरता टेकला आणि अम्माने टाळ्या वाजवल्या, अगदी लहान मुलासारख्या. आता दोघांना एकच आस होती. आडी लागला, श्राद्ध शनिवारी आलं.

आणि शुक्रवारी दुपारी अनयचा फोन आला. “काका, वारा बघा काय सुटलाय! असा पुन्हा मिळायचा नाही.”

जायचं नव्हतं, देवाशपथ जायचं नव्हतं. श्राद्धाच्या आदल्या दिवशी कर्त्याने संयमाने राहायचं असतं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण गुडघा इतके दिवस शहाण्यासारखा वागत होता. अर्धा तास, उडी मारायची नाही, सरळ जायचं आणि सरळ यायचं. माणूस स्वतःला किती गोड बोलून फसवतो! अर्धा दिवस रजा टाकली आणि गेला.

आणि सुख असं मिळालं की काय सांगावं. पाणी फळीखाली सळसळत होतं, वय नव्हतं, दुखणं नव्हतं. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, पतंगाने त्याला उचललं आणि उथळ पाण्यात आपटलं. गुडघ्यात कट्‌कन काहीतरी वाजलं. अनयने धरून काठावर आणला. घरापर्यंत गाडी राणोजीने स्वतःच चालवली, ओठ चावत.

घरी पोचला तेव्हा अम्मा पूजेच्या खोलीत होती. मीठ धुवायला तो भिंतीला धरून बाथरूममध्ये शिरला, कसाबसा अंगावर पाणी घेतलं. बाहेर आला तर अम्मा दारातच उभी. गुडघा नारळाएवढा सुजलेला.

“अय्यो! हे काय झालं?”

“घसरलो,” राणोजी म्हणाला.

एवढंच. तोंडातून निघून गेलं. पण अम्माचा चेहरा बघता बघता पांढराफटक पडला. तिने वाकून फरशीवर बोट फिरवलं.

“आज शुक्रवार,” ती म्हणाली. “सकाळी मी तेल लावून न्हाले. फरशी धुतली होती रे मी. गरम पाण्याने धुतली. नीट निघालं नसेल. मला आता दिसत नाही ना नीट.”

‘नाही, अम्मा,’ एवढे दोन शब्द तेव्हा बोलायला हवे होते. पण मग कुठे पडलास, हे आलं. मग शपथ आली. उद्या श्राद्ध. राणोजी टॉवेलने पाय पुसत राहिला. रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडे बघत होती. ती नजर त्याने चुकवली.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध खुर्चीतच झालं. पिंड ठेवायलासुद्धा त्याला खाली वाकता येईना. नारायणस्वामींनी हाताला हात लावून ठेववले. अम्मा कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. विधी संपल्यावर ती वाध्यारांना म्हणाली, “याचा दोष नाही. हे माझ्या हातून झालं. मालकांना म्हणावं, माझ्यावर राग धरा.”

खुर्चीतल्या खुर्चीत मरण यावं असं राणोजीला वाटलं.

त्यानंतर अम्माने शुक्रवारचं तेल सोडलं. जन्मभर तिची तेवढी एकच चैन होती. तिळाचं तेल कोमट करायचं, डोक्यावर जिरवायचं, शिकेकाईने न्हायचं आणि दुपारभर केस मोकळे सोडून बसायचं. ते सगळं बंद. उलट दर शुक्रवारी पहाटे ती फरशीवर बसून शिकेकाईने बाथरूम घासू लागली. कितीही सांगा, ऐकायची नाही. रांगत रांगत कोपऱ्यापर्यंत जायची.

“तुम्ही सांगता की मी सांगू?” एका रात्री रत्नप्रभा कडाडली. “पाण्यावर गेलात, गेलात. मी बोलले? पण त्या म्हातारीच्या गळ्यात हे बांधून तुम्हाला जेवण तरी कसं जातं हो?”

जात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत अम्माच्या खोलीत गेला. ती वाती वळत होती. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. अनयचा फोन, खाडी, वारा, पडणं. वर्षभर जात होतो, शपथ मोडली, तेलाचा काही संबंध नाही. सांगताना त्याला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेला माणूस मुसमुसत होता.

अम्माने वाती बाजूला ठेवल्या. त्याच्या गालावरून हात फिरवला.

“किती माया रे तुझी,” ती म्हणाली. “माझं मन हलकं व्हावं म्हणून सगळं आपल्या डोक्यावर घेतोस.”

“अम्मा, खरंच सांगतोय!”

“मला कळत नाही का? माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास तू. तू जाशील? श्राद्धाच्या आदल्या दिवशी? दुसऱ्या कुणाचा मुलगा गेला असता. माझा नाही.”

त्याने रत्नप्रभाला हाक मारली. ती आली, म्हणाली, “खरं आहे अम्मा, मीच कपडे धुतलेत.” अम्मा तिच्याकडे बघून हसली. “तू पण त्याच्याच बाजूची. चांगली आहेस हो.” आणि पुन्हा वाती वळायला लागली.

शुक्रवारी पहाटे बाथरूममधून ब्रशचा आवाज आला. राणोजी उठला, भिंत धरत दारापर्यंत गेला. अम्मा फरशीवर गुडघे टेकून कोपरा घासत होती, पांढरे कोरडे केस तोंडावर आलेले. जवळ बसावं आणि तिच्या हातातला ब्रश काढून घ्यावा म्हणून तो दाराची चौकट धरून वाकला. गुडघा वाकेना. पुन्हा वाकून बघितलं, पण पाय खाली जाईना.

“आत येऊ नकोस हां, कन्ना,” अम्मा मागे न बघता म्हणाली. “ओलं आहे. पडशील पुन्हा.”